उजव्या हाताचा कल

मार्च लागला की माझी बोटं खाजवतात. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. डॉक्टरला दाखवलं, त्यानं मलम दिलं. मलमानं काय होणार? ही खाज चामडीची नाही, हंगामाची आहे.

अकोल्यात मार्च कसा येतो ते सांगतो. पहाटे अंगावर चादर लागते आणि अकरा वाजता रस्त्यावर अनवाणी पाय टेकत नाही. जिनिंगमधून उडालेले कापसाचे तंतू तारांवर, कुंपणावर, बाभळीच्या काट्यांत अडकून बसलेले असतात. भाजीबाजारात हिरवा हरभरा संपत येतो आणि कैऱ्या दिसायला लागतात. आणि या सगळ्यातून पोट्टे चाललेले. हातात पुठ्ठ्याचा पॅड, तोंडात पुटपुट, कपाळावर मायनं लावलेलं कुंकू. आधी त्यांच्या बोटांना शाई असायची. आता बोटं कोरी. कोऱ्या बोटांनी परीक्षेला निघालेलं पोरगं पाहिलं की मला अजूनही चमत्कारिक वाटतं. हळद न लावता नवरदेव मांडवात आल्यासारखं.

मी चौथी शिकलो. खरं म्हणजे चौथीही पुरी नाही. पण अकोल्यातले कितीतरी वकील, मास्तर, इंजिनियर माझ्या हाताखालून गेले. म्हणजे त्यांच्या निबा गेल्या. शाळेच्या फाटकासमोर माझा लाकडी खोका होता. आत पायानं चालवायचा लेथ, एक भिंग, काचेचा तुकडा, झिरो नंबरचा पॉलिश पेपर आणि शाईच्या तीन बाटल्या. पेन कातायला एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, कांडी लेथवर लावली की जळक्या रबराचा आणि गंधकाचा वास सुटायचा. लोकांना त्या वासानं मळमळायचं, मला भूक लागायची. लग्नानंतर बायको पहिल्यांदा डबा घेऊन आली तेव्हा तिनं नाकाला पदर लावला. म्हणाली, "काय जळून राहिलं इथं?"

"जळून नाई राहिलं," मी म्हणालो, "जन्माले येऊन राहिलं."

बोलण्यात मी कोणाला ऐकत नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. तोच माझा दोष आहे असं ती जाईपर्यंत सांगत राहिली.

खोक्यावर माझा एक नियम होता. गिऱ्हाईक कोणीही असो, कचेरीतला साहेब असो की पाचवीतलं पोरगं, त्याच्या निबेला हात लावण्याआधी मी वही पुढं सरकवायचो. "नाव लिहा." लोक चिडायचे. "पेन बिघडला म्हनून आलो अन् तुमी लिहालेच लावता?" लावतो. कारण निब पेनची नसते, हाताची असते. माणूस पेन किती आडवा धरतो, किती दाबतो, कोणत्या बाजूला झुकवतो, हे पाहिल्याशिवाय निबेला काच दाखवायची नाही. प्रत्येक हाताला एक कल असतो. तो पाहायचा आणि मग त्याच कलानं टोक घासायचं. मग ते कागदावरून असं सरकतं की लिहिणाऱ्याला वाटतं आपलंच अक्षर सुधारलं. कल न पाहता घासलेली निब म्हणजे दुसऱ्याच्या पायाचा जोडा.

त्या वहीत नाव लिहवून न घेता मी आयुष्यात एकच निब घासली. माझ्या पोरीची. सुनंदाची, दहावीच्या परीक्षेची.

आत्ताच सांगून टाकतो, मागून सांगण्यात शहाणपण नाही. त्या निबेमुळं ती नापास झाली. हे मला माहीत होतं, आणि पस्तीस वर्षं उलटून गेली तरी मी ते तोंडातून काढलं नाही. कोणी विचारलं तर सांगायचो, पोरीचा अभ्यास झाला नव्हता. इतक्या वेळा सांगितलं की नातेवाइकांनाही ते पाठ झालं.

यंदा अमरावतीला पेनांचं प्रदर्शन भरलं. मी म्हणालो, पेनाचं काय प्रदर्शन? पण दातांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत अमरावतीच्या, त्यांना जुन्या पेनांचा नाद. दाताला लावायच्या बारीक कानशी त्या निबेलाही लावतात. जुन्या बाजारात त्यांना माझ्या हातचा एक पेन सापडला, टोपणावर माझी खूण होती, ती विचारत विचारत बाई अकोल्यात माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, "काका, दिवसभर फक्त टेबलावर बसा. लोकांच्या निबा घासून द्या. असे हात आता राहिले नाहीत." असं कोणी म्हटलं की माझ्यासारख्या माणसाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी त्याच संध्याकाळी सुनंदाला फोन लावला. ती अचलपूरला दिलेली, घरी संत्र्याचा बगीचा.

"सुनंदे, तुह्या बापाले अमरावतीले बोलावलं हाय. टेबल देऊन राहिले, खुर्ची देऊन राहिले. लोकाइच्या निबा घासून द्याच्या हायेत."

पलीकडं पाण्याच्या मोटरचा आवाज तेवढा येत राहिला.

"कोनाच्याबी निबा घासता का?"

"कोनाच्याबी."

"मंग मी बी येऊन राहिली. माह्यापाशी हाय एक पेन."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. कोणता पेन ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.  अमरावतीला जाऊच नये असं वाटलं. पण नाही कसं म्हणणार? मी येतो म्हणून सांगितलं होतं, आणि एकदा सांगितलं की सांगितलं. हा स्वभाव. याच स्वभावानं सगळं झालं.

तो पेन लाल-काळ्या लहरींचा. तशी कांडी एकदाच हाती लागली होती. गिऱ्हाइकाला दिली नाही, बासनात बांधून ठेवली. सुनंदा दहावीला गेली तेव्हा काढली. तीन दिवस लेथवर होतो. लाल लहर टोपणावरून निघून खालच्या पोटात बरोबर जुळली पाहिजे, टोपण लावलं की मध्ये सांधा दिसला नाही पाहिजे, म्हणून आटे चारदा कापले. फाटकातून येणारे मास्तर थांबून पाहायचे. मी म्हणायचो, "पोरीसाठी हाय. सगळं सेंटर पाहीन हा पेन." सुनंदा वर्गात पहिली दुसरी यायची. तिला मास्तरीण व्हायचं होतं. डी.एड.ला नंबर लागावा एवढे मार्क पाहिजे होते, बस.

मग निब. ती मी माझ्या हाताच्या कलानं घासली. वही पुढं केली नाही. स्वतःच्या पोरीला कोणी 'नाव लिही' म्हणतं का? माझीच पोरगी, माझाच हात आला असणार. शिवाय तिचा हात मीच तर घडवला होता. पाच वर्षांची असताना तिनं खडू डाव्या हातात धरला. लोक काय म्हणतील, डाव्या हातानं लिहिणार, डाव्या हातानं वाढणार? मी तिच्या मायच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि डावा हात खाटेच्या खुराला बांधला. रोज तासभर, महिनाभर. महिन्यानं पोरगी उजव्या हातानं अ आ इ ई लिहायला लागली. मी जिंकलो असं मला वाटलं. शाळेत गेल्यावर तिनं पाटी पुन्हा डावीकडं घेतली, हे मला कळलं नाही. कळणार कसं? गावाचं अक्षर मी भिंगातून पाहायचो. पोरीची वही कधी उघडून पाहिली नाही.

अमरावतीच्या दिवशी सकाळचीच एस.टी. धरली. मूर्तिजापूर गेलं. दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले, काळी जमीन भेगाळून उघडी पडलेली, मधेच एखादा पळस लालबुंद. शेजारी एक पोरगी बसली होती, मांडीवर गाइड. सोमवारी तिचा पेपर होता. मला राहवलं नाही. विचारलं, "पेन कोनता नेतं?" तिनं चेन उघडून कंपास दाखवला. सात बॉलपेन.

"सात?"

"हाव आबाजी. एखादा नाई चालला तं?"

मी खिडकीबाहेर पाहत बसलो. बडनेरा येईपर्यंत पुन्हा तिच्याशी बोललो नाही. एखादा नाही चालला तर. एवढीशी गोष्ट. ती माझ्या डोक्यात आली नव्हती, कारण माझ्या हातचा पेन चालणार नाही असं असूच शकत नव्हतं.

मंगल कार्यालयात लग्नाला नसते एवढी गर्दी. आणि ही सगळी गर्दी पेन पाहायला! दारातूनच मी खांदा लावून आत घुसलो. टेबलांवर मखमल अंथरलेली, त्यावर पेन दागिन्यांसारखे निजवलेले, बाजूला पाट्या, 'कृपया हात लावू नये'. नागपूरचे लोक, पुण्याचे लोक, कॉलेजातले पोरं-पोरी. एकमेकांच्या पाठीवरून वाकून पाहून राहिले, मोबाइल उंच धरून फोटो काढून राहिले. पंखे फिरत होते पण वारा कोणालाच लागत नव्हता. पण एक गोष्ट पाहिली आणि बरं वाटलं. त्या पोरांच्या बोटांना शाई होती. निळी, हिरवी, जांभळी. कोणी धुतलीही नव्हती.

पुण्याचे एक साहेब होते. पांढरा कुर्ता, गळ्यात दोरीला भिंग. त्यांनी मला त्यांचा एक पेन दाखवला, दुरूनच. "आजोबा, याला आजवर शाईचा थेंब लागलेला नाही. म्हणूनच हा इतका दुर्मिळ."

"म्हंजे कुवाराच मेला म्हना," मी म्हणालो.

दोन-चार पोरं हसली. साहेबही हसले, पण मनापासून नाही. डॉक्टरीणबाईंनी मला धरून माझ्या टेबलाशी नेलं. टेबलामागं माझ्या नावाचा कागद चिकटवला होता, मोठ्या अक्षरात. माझं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात मी रेशनच्या यादीतही पाहिलं नव्हतं.

"काका, घाबरू नका हं, गर्दी आहे म्हणून."

"मी कायले घाबरू?" मी म्हणालो.  भीती होती ती गर्दीची नव्हती.

काच मांडली, पॉलिश पेपर मांडला, वाटीत पाणी घेतलं, वही उघडली. लाइन लागली. नाव लिहा. कल पाहायचा, घासायचं, पुसायचं, परत लिहायला द्यायचं. सत्तरी कधीच ओलांडली, हात थरथरतो. चहाचा कप बशीत वाजतो. पण काचेवर निब टेकली की हात थांबतो, हे कसं होतं मला माहीत नाही. लोक वाहवा करून राहिले. मी मान वर करायचो ती दाराकडं पाहायला. दार उघडायचं, कोणीतरी आत यायचं, ती नसायची. मला बरं वाटायचं. मग पुन्हा दार उघडायचं.

त्या मार्चात तिचा पहिला पेपर मराठीचा होता. ती परत आली तेव्हा मी खोक्यावरूनच विचारलं, "कसा चालला पेन?" ती म्हणाली, "चालला." दुसरा पेपर हिंदीचा. "चालला?" "हाव." बापाच्या हौसेवर पाणी कसं टाकावं म्हणून पोरगी बोलली नाही, आणि मी 'पेपर कसा गेला' असं विचारलं नाही. दोन्ही वेळा पेनाचं विचारलं. तिसऱ्या पेपरापासून तिनं मैत्रिणीचा बॉलपेन घेतला. हे मला निकालाच्या दिवशी कळलं. इंग्रजीत पास, गणितात ऐंशीच्या वर, विज्ञानात तसंच. मराठी आणि हिंदीत नापास. घरात-बाजारात जे बोलतो त्यात नापास!

ते फाटकावर पसरायला किती वेळ लागतो? "पेनवाल्याची पोरगी बॉलपेननं पास!" नववीतले पोट्टे माझ्या खोक्याशी येऊन म्हणायचे, "काका, एक बॉलपेन द्या न." आणि पळायचे. बॉलपेन आल्यापासून माझं गिऱ्हाईक तसंही तुटत चाललं होतं. आता माझ्याच घरातून मला पाडलं होतं. मास्तर म्हणाले, ऑक्टोबरला बसव, दोनच विषय आहेत, हसत निघतील. सुनंदा म्हणाली, बसते, पण बॉलपेननं. मी म्हणालो, बसशील तर माझ्याच पेननं. ती मान खाली घालून उभी राहिली. कारण सांगितलं नाही. ती माझीच पोरगी. आम्ही दोघं जेवायला समोरासमोर बसायचो आणि भाजी हवी तर तिच्या मायला मागायचो.

दुपारी दार उघडलं आणि ती आली. अंगावर फिक्या जांभळ्या रंगाचं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी, केस अर्धे पांढरे. मी हात वर केला. तिनं पाहिलं, आणि लाइनीच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. "काका, तुमच्या कन्या ना? त्यांना पुढं घेते."

"राहू द्या मॅडम," सुनंदा तिथूनच म्हणाली. "लाइनीतूनच येईन. घाई नाई मले."

मी मोजलं. तिच्याआधी अकरा माणसं. मग मी काय केलं असेल? हळू घासायला लागलो. ज्याला दोन हात पुरे त्याला दहा. एक रिटायर गृहस्थ वैतागले. "बाबा, निब हाय ते. पितळेचा गुंड नाई, एवढा लखलख कराले." लाइन हसली. सुनंदाही हसली का ते मी पाहिलं नाही. दहा राहिले. आठ. "पानी पिऊन येतो जरा," म्हणून उठलो, तर डॉक्टरीणबाईंनी टेबलावर बाटली आणून ठेवली. पुन्हा बसलो. सहा. पिशवीतून तिनं पेन काढलेला मला दिसला. लाल लहर तशीच, टोपणापासून खालपर्यंत, सांधा न दिसता. एवढ्या धकधकीतही मनात आलं, काय काम केलं होतं बापा! असा मी माणूस.

तीन राहिले तेव्हा मला तिची माय आठवली. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायला दोन दिवस राहिले होते. ती डबा घेऊन खोक्यावर आली, डबा खाली ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "ते डाव्या हातानं लिहिते शाळेत. पयलीपासून. तुमच्या भेवानं घरी नाई लिवत. तुमच्या पेननं कागद फाटून राहिला होता तिचा. हिंदीच्या पेपरात मंग उजव्या हातानं लिवलं, अर्धा पेपर सुटला." मी कांडीवरची हत्यारं बाजूला ठेवली. सगळं एका क्षणात समजलं. उजव्या हाताचा कल दिलेली निब डाव्या हातात धरली की ती सरकत नाही, कागदात शिरते. हे अकोल्यात माझ्यापेक्षा जास्त कोणाला कळत होतं? दोन दिवस होते. फॉर्मवर माझी सही तेवढी हवी होती. शाळा समोर होती, रस्ता ओलांडला की फाटक. मी म्हणालो, "मंग उजव्या हातानं लिवाचं होतं." डबा तिथंच सोडून ती गेली. पहिला दिवस गेला. दुसरा दिवस गेला. पुढच्या लग्नसराईत सुनंदाचं लग्न लावून दिलं.

तर ती समोर आली.

मी वही पुढं सरकवली. "नाव लिहा," म्हणालो. स्वतःच्या पोरीला 'लिहा' म्हणालो. तिनं शाई भरून आणली होती. टोपण काढलं, पेन टेबलावर उभा धरला आणि माझ्याकडं पाहिलं.

"कोन्या हातानं लिहू बाबा?"

मागं लोक बोलत होते, पंखे वाजत होते. मी वही तिच्याकडं आणखी सरकवली.

"ज्या हातानं लिहितं त्या."

तिनं पेन डाव्या हातात घेतला. वही तिरपी केली. मनगट वरून वाकवून लिहायला लागली. खर्र. 'सु'च्या पहिल्याच वळणाला निब कागदात रुतली. 'नं'वर शाई सुटली. 'दा'ला कागदाचा तंतू टोकात अडकला आणि निळा फराटा ओढला गेला. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. माझ्या हातांनी केलेला आवाज. तिनं तो परीक्षेच्या बाकावर एकटीनं ऐकला होता, सोळा वर्षांची असताना, घड्याळाकडं पाहत.

पुण्याचे साहेब बाजूलाच उभे होते. भिंग लावून वाकले. "अहो ताई, थांबा, थांबा. निब जाईल. ही चुकीची घासली आहे कुणीतरी. डावखुऱ्या हाताला उजवा कल दिलाय. कुण्या अडाण्याचं काम दिसतंय."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट त्यांनी मला वाटच करून दिली. अकोल्यात तेव्हा निबा घासणारे आणखी दोघं होते. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. सुनंदा माझ्याकडं पाहत राहिली.

"मी घासली," मी म्हणालो.

"नाही, म्हणजे आजोबा, माझा तसा..."

"अडानीच म्हना. पोरीचा हात न पाहता घासली. दहावीत नापास झाली ते ह्याच्यानं. तिचा अभ्यास झाला होता."

शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं बोललो असेन, कारण शेजारच्या टेबलावरचे लोक वळले. एकानं मोबाइल धरला, डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात खाली केला. मला वाटलं, झालं. छातीवरचं उतरलं. या वयात एवढं बोललो, माझ्यासारखा माणूस बोलला. आता पोरगी डोळे पुसेल.

सुनंदानं डोळे पुसले नाहीत. वाकून, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "अन् ते दोन दिवस?"

मी फडक्यानं काच पुसायला घेतली.

"मायनं सांगतलं होतं मले. लगनाच्या आदल्या दिवशी. का बाबाले तिनं सारं सांगतलं होतं म्हनून, फॉर्मच्या दोन दिवस आधी."

म्हणजे दर दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिला माहीत होतं. माझ्या गुडघ्याला तेल लावून द्यायची, संत्री सोलून शिरा काढून द्यायची, तेव्हा माहीत होतं. मी पाहुण्यांसमोर 'पोरीचा अभ्यास झाला नव्हता' म्हणायचो आणि ती आत चहा गाळत असायची, तेव्हाही.

"मले वाटे, पोरीनं शिकूच नाई असं असन तुमच्या मनात," ती म्हणाली. "मंग वाटे, लगन आधीच ठरवलं असन कुठं. लय विचार केला म्या. काहून नाई गेले बाबा? रस्ता तं ओलांडाचा होता."

काय सांगू? पस्तीस वर्षांत मी स्वतःला बरीच कारणं दिली होती. एकही तोंडापर्यंत आलं नाही. आलं ते खरं होतं, आणि ते फारच लहान होतं.

"लोक हसले असते," मी म्हणालो. "पेनवाला पोरीले बॉलपेननं बसवाले गेला म्हनून."

"एवढंच?"

"एवढंच."

ती हसली. त्या हसण्याचं काय करावं मला कळलं नाही. गमतीचं नव्हतं, रागाचंही नव्हतं. बगीच्यातलं झाड वाळावं, सगळ्यांनी मुळं खोदून पाहावीत आणि शेवटी मुंगीएवढा किडा सापडावा, तेव्हा माणूस जसं हसेल तसं. "एवढ्याच्यासाठी," ती म्हणाली, मला नाही, कोणालाच नाही.

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, लाइन थांबली न!"

"थांबू दे भाऊ," ती मागं न पाहता म्हणाली. बाजूची प्लास्टिकची खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली. डावा हात टेबलावर ठेवला, पेन लिहायला धरतात तसा धरला आणि म्हणाली, "पाहा."

मी पाहिलं. भिंग बाजूला ठेवून पाहिलं. हात माझा नव्हताच. बोटं तिच्या मायसारखी, लांब, नखांत संत्र्याच्या सालीचा पिवळेपणा, करंगळीवर विळ्याची जुनी खूण. पेन ती ओढत नव्हती, ढकलत होती. मनगट ओळीच्या वरून यायचं, टोकाची डावी कड आधी टेकायची. इतकं साधं होतं. तिच्या दहावीच्या त्या मार्चात वही पुढं केली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

काचेवर पाण्याचा थेंब टाकला आणि घासायला लागलो. आधी जो कल दिला होता तो काढायचा, मग उलटा द्यायचा. टोकावरचा मणी बाजरीच्या दाण्याहून लहान, त्यात चूक करायला जागा नसते.  पुसून दिला. तिनं नाव लिहिलं.

"खरखरते."

खरंच खरखरत होतं. पुन्हा घेतला, पुन्हा घासला, दिला.

"अजून."

तिसऱ्यांदा दिला तेव्हा शाई बारीक पण अखंड उतरली. पुण्याचे साहेब म्हणाले, "ताई, आता तर अगदी..." डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. सुनंदानं ओळ पुरी केली. मग मान हलवली. चौथ्यांदा घासला.

या वेळी तिनं नुसतं नाव लिहिलं नाही. पुरी ओळ लिहिली, मग दुसरी, मग अर्धं पान. काय लिहिलं ते मला उलट्या बाजूनं वाचता आलं नाही. चौथी शिकलेल्या माणसाला सुलटंही हळूच वाचता येतं. पण ऐकू येत होतं. म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. निब कागदावरून तेलावरून गेल्यासारखी जात होती. डोळे गेले असतील, दात गेले असतील, माझा कान अजून शाबूत आहे. अशी निब मी खोक्यावर असतानाही क्वचितच घासली असेल.

तिनं पेन थांबवला. लिहिलेल्याकडं बराच वेळ पाहिलं. मग पेन माझ्यासमोर धरला.

"अजून खरखरते," ती म्हणाली.

"हाव," मी म्हणालो, आणि काच पुढं ओढली.